फेसबुक-गूगलने बातमीचे पैसे द्यावेत का? ठाणे-नवी मुंबईकरांनी जरूर लिहा

मासुंदा

मी अकरा वर्षं ठाण्यात वार्ताहर होते. छोटं दैनिक, महापालिकेचं बीट. ते काम सोडून तीन वर्षं झाली, पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढते आहे. फेसबुक, गूगल, इन्स्टाग्राम यांच्यावर आपण जी बातमी वाचतो, ती मिळवणाऱ्याला या कंपन्यांनी पैसे द्यावेत की नाही? माझं मत आधीच सांगून टाकते: द्यावेत. पण कोणाला आणि कुठल्या हिशोबाने, यावर तुमच्याशी बोलायचं आहे.

एक प्रसंग सांगते. दर पावसाळ्याआधी ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब माणसं आत राहत असतानाही दुरुस्त करता येईल अशी, आणि सी-३ किरकोळ डागडुजीची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यात बी-केबिनला इमारत कोसळून १२ जणांचा जीव गेला. तेव्हापासून मे महिना लागला की जुन्या इमारतींमधली माणसं या यादीची वाट बघतात.

अशाच एका वर्षी मुख्यालयातून नुसते आकडे मिळाले. मला नावं हवी होती. मग नऊच्या नऊ प्रभाग समित्या पालथ्या घातल्या, नौपाडा-कोपरीपासून दिव्यापर्यंत. चार दिवस लागले. मुंब्र्याला साहेब साइटवर गेले होते म्हणून दीड तास बाकावर बसून राहिले. दिव्यात झेरॉक्स मशीन बंद होतं, तर सगळी पानं वहीत उतरवून घेतली. रिक्षा आणि लोकल मिळून ८७० रुपये झाले, ते पदरचे गेले.

बातमी सकाळी साडेसहाला आमच्या वेबसाइटवर चढली. आठच्या आत ती एका लोकप्रिय फेसबुक पेजवर पिवळ्या चौकटीत आली. दैनिकाचं नाव नाही, लिंक नाही, तारीख नाही. सी-१, सी-२ब हे वर्गही काढून टाकलेले, नुसती 'ठाण्यातील धोकादायक इमारती' म्हणून नावांची रांग. यादी माझीच होती हे मी खात्रीने सांगू शकते, कारण घाईत एका इमारतीच्या नावात मी 'लक्ष्मी'चं 'लक्षमी' केलं होतं आणि ती चूकही तशीच उतरली होती. रात्रीपर्यंत त्या चौकटीला नऊ हजार शेअर मिळाले. आमच्या वेबसाइटवर बातमी उघडणारे होते ३१२.

त्या पोस्टच्या खाली माझ्या मोबाइलवर जाहिरात आली ती घोडबंदर रोडच्या एका टॉवरची. त्याच बिल्डरची जाहिरात आधी दर शनिवारी आमच्या पहिल्या पानावर असायची. त्या एका जाहिरातीत दोन उपसंपादकांचा महिन्याचा पगार निघायचा. ते दोघंही आता पत्रकारितेत नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने २०२० मध्ये हिशोब मांडला होता. तिथल्या जाहिरातदाराने ऑनलाइन जाहिरातीवर १०० डॉलर खर्च केले, तर त्यातले ५३ गूगलला जात, २८ फेसबुकला, आणि उरलेल्या १९ मध्ये बाकी सगळं जग. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी कायदाच केला की या कंपन्यांनी वृत्तसंस्थांशी मोबदल्याचा करार करावा, जमलं नाही तर लवाद ठरवेल. आपल्याकडे असं व्हावं का? तुम्हाला काय वाटतं?

ऐरोलीकर

ताई, तुमचे कष्ट वाचून वाईट वाटलं, आणि त्या पेजने केली ती सरळ चोरी आहे. पण त्यामुळे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे. मी वेबवरच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

एक, कोणीतरी तुमचा मजकूर उचलून आपल्या नावावर खपवला. त्याला आजही कायदा आहे. दोन, फेसबुकवर किंवा गूगलवर बातमीची लिंक दिसली. ही लिंक बहुतेक वेळा वृत्तपत्रच स्वतः टाकतं, वाचक मिळावेत म्हणून. ज्याने गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणून सोडलं, त्याच्याकडूनच दुकानदार पैसे मागणार का? ऑस्ट्रेलियातल्या भांडणात फेसबुकने सांगितलं होतं की २०२० या एका वर्षात त्यांनी तिथल्या प्रकाशकांकडे ५१० कोटी वेळा वाचक पाठवले, आणि त्याचं मोल त्यांच्या मते ४० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होतं. कंपनीने स्वतःच लावलेली किंमत आहे, मान्य. पण वाचक तर खरेच गेले ना?

जर्मनीत हा प्रयोग होऊन गेला आहे. २०१३ मध्ये त्यांनी कायदा केला, बातमीचा उतारा दाखवायचा तर पैसे द्या. २०१४ मध्ये अॅक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशकाने गूगलला आपले उतारे दाखवायला मनाई केली. त्यांच्याकडे गूगल शोधातून येणारे वाचक ४० टक्क्यांनी घटले, गूगल न्यूजवरून येणारे ८० टक्क्यांनी. दोन आठवड्यांत त्यांनी माघार घेतली. स्पेनने सक्ती केली तर डिसेंबर २०१४ मध्ये गूगल न्यूज तिथून बंदच झालं, ते जून २०२२ मध्ये परत आलं. लिंक देणं फुकट असणं हा वेबचा पाया आहे. आज फेसबुककडून लिंकचे पैसे घ्याल, उद्या या फोरमवर मी बातमीची लिंक दिली तर माझ्याकडून घ्याल का?

सानपाडा सेक्टर ८

माझी धाकटी बहीण कॅनडात असते, त्यामुळे याची दुसरी बाजू मी घरात बघितली आहे.

कॅनडाने जून २०२३ मध्ये असाच कायदा मंजूर केला. फेसबुकची मालक कंपनी मेटाने पैसे देण्याऐवजी १ ऑगस्टपासून तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, लोकांच्या फीडमध्ये बातम्या तीन टक्क्यांहूनही कमी असतात, आम्हाला त्यांची गरज नाही. आणि त्याच महिन्यात उत्तरेकडे वणवा पेटला. यलोनाइफ नावाचं अख्खं शहर, साधारण २० हजार माणसं, रिकामं करायचे आदेश निघाले. कुठला रस्ता चालू आहे, कुठे पेट्रोल मिळतंय, हे लोक सवयीने फेसबुकवर शोधत होते आणि तिथे बातमीची लिंक उघडत नव्हती. बहिणीच्या ऑफिसातल्या एका मुलीचे आईवडील त्या शहरात होते. ही मुलगी रेडिओच्या वेबसाइटवरून मजकूर कॉपी करून, स्क्रीनशॉट काढून पाठवत बसली होती.

२००५ च्या २६ जुलैला आमच्याकडे फेसबुक नव्हतं. आज तसा पाऊस झाला, ट्रान्सहार्बर लोकल बंद पडली आणि त्याच आठवड्यात कुठल्यातरी कराराच्या भांडणात मोबाइलवरून बातम्या गायब झाल्या तर? मला कायद्याची नाही, त्या मधल्या दिवसांची भीती वाटते.

मासुंदा

सानपाडा, ही भीती खरी आहे. ऑस्ट्रेलियात तर कायदा व्हायच्या आधीच फेसबुकने काही दिवस बातम्या बंद केल्या होत्या, आणि त्यात हवामान खातं, आरोग्य विभाग, अग्निशमन दल यांचीही पेजेस गेली होती. पण माझा निष्कर्ष तुमच्या उलट आहे. जी कंपनी एका बटणावर अख्ख्या देशाची बातमी बंद करू शकते, तिच्याशी एकट्यादुकट्या दैनिकाने भाव ठरवावा कसा? जर्मनीत श्प्रिंगर हरला तो याचमुळे. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. तो एकटा होता आणि समोर पर्याय नव्हता.

नेरुळ लाईन

माझी नेरुळला पेपरची लाईन आहे. वडिलांपासून. पहाटे चारला उठतो, गठ्ठे घेतो, पुरवण्या भरतो, साडेपाचला पोरं सायकलवर निघतात. मी शिकलेला जास्त नाही, पण या विषयात मला बोलायचं आहे.

दहा वर्षांपूर्वी माझ्या लाईनला ४२० घरं होती. आज १६० आहेत. लोक म्हणतात मोबाइलने पेपर मारला. अर्धं खरं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायला बंदी केली. तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेपरची पीडीएफ फिरायला लागली. बंदी उठली, पीडीएफ थांबली नाही. आमच्या सेक्टरमधल्या एका सोसायटीत ८८ फ्लॅट आहेत. रोज सव्वासहाला कमिटीतले एक काका चार पेपरांच्या पीडीएफ टाकतात, खाली सुप्रभात. माणूस फार चांगला आहे, लोकांची सेवा म्हणून करतो. त्या सोसायटीत माझे ३४ पेपर जायचे, आता ५ जातात. त्यातले दोन फरसाणाच्या दुकानाला.

फेसबुककडून पैसे मागा, जरूर मागा. पण घरात बसून आपण फुकट वाचायचं आणि अमेरिकेतल्या कंपनीने आपल्या वाटणीचे भरायचे, हे मला पटत नाही. महिन्याचं बिल मागायला गेलो की लोक म्हणतात, दादा बंद करा आता, वाचायला वेळ नाही. वाचायला वेळ असतो. पीडीएफ वाचलेली असते, कारण बातमीवर माझ्याशी चर्चा करतात.

काळा कोट

चर्चेत कायदा आला आहे म्हणून थोडं लिहितो. ठाणे कोर्टात वकिली करतो, हा माझा रोजचा विषय नाही, पण वाचन आहे.

बातमीतल्या घटनेवर कोणाची मालकी नसते. इमारत सी-१ आहे ही वस्तुस्थिती सर्वांची. मालकी असते ती मांडणीवर, शब्दांवर, जमवलेल्या संकलनावर. मासुंदाताईंच्या 'लक्षमी'सारखी चूक जशीच्या तशी उतरली, तर कोर्टात नक्कल दाखवायला तो उत्तम पुरावा आहे. पण कोण नोटीस काढणार, कोण तारखांना उभं राहणार? छोट्या दैनिकाला ते झेपत नाही.

म्हणूनच जगात ही लढाई कॉपीराइटवरून स्पर्धा कायद्याकडे सरकली. प्रश्न असा विचारला जातो की बाजारात ज्याचं वर्चस्व आहे तो समोरच्यावर अन्याय्य अटी लादतो आहे का. फ्रान्समध्ये दोन्ही एकत्र आले. २०१९ मध्ये प्रकाशकांना स्वतंत्र हक्क देणारा कायदा झाला, गूगल बोलणी प्रामाणिकपणे करत नाही म्हणून तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये ५० कोटी युरोंचा दंड लावला आणि मार्च २०२४ मध्ये आणखी २५ कोटींचा. या दबावाखाली तिथे करार होऊ लागले.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये इंडियन न्यूजपेपर सोसायटीने गूगलला पत्र लिहून जाहिरात उत्पन्नातला ८५ टक्के वाटा प्रकाशकांना द्यावा अशी मागणी केली. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून गूगलची चौकशी करायचे आदेश दिले. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. आणि हे सगळं प्रामुख्याने गूगलभोवती फिरतं आहे. फेसबुक, इन्स्टाग्रामवर फिरणाऱ्या पिवळ्या चौकटीला यातलं काहीच अजून शिवलेलं नाही.

दिवा जंक्शन

आम्ही दोघं मित्र दिव्यात बातम्यांचं चॅनल चालवतो. एक मोबाइल, एक माइक, एक बाइक. डम्पिंगचा धूर, फाटकावरचे अपघात, पाण्याचे टँकर, हेच आमचे विषय. मोठ्या पेपरांचा वार्ताहर दिव्यात येतो तो माणूस मेल्यावर. त्याच्या आधीची तीन वर्षं आम्ही दाखवत असतो.

तर माझा साधा प्रश्न. पैसे आले तर कोणाला मिळणार? वर वकीलसाहेबांनी ज्या संघटना सांगितल्या त्यात आमच्यासारखं कोण आहे? ऑस्ट्रेलियाच्या कायद्यावर आम्ही एक व्हिडिओ केला होता, तेव्हा वाचलं होतं. मोठ्या समूहांशी करार झाले, पण एसबीएस हे सार्वजनिक वाहिन्यांचं जाळं आणि 'द कॉन्व्हर्सेशन' ही विश्लेषणाची वेबसाइट यांच्याशी करार करायला फेसबुकने नकार दिला. एसबीएससारख्यांना दारातून परत पाठवतात तर दिव्याचं काय घेऊन बसलात.

आणि मार्च २०२४ मध्ये मेटाने ऑस्ट्रेलियात सांगूनच टाकलं की जुने करार संपले की नवे करणार नाही. म्हणजे ज्यांनी त्या पैशांवर माणसं नेमली त्यांचं काय झालं असेल? पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने नवा मार्ग जाहीर केला, करार केला नाही तर कर भरा, केला तर वजावट मिळेल. ते बरं वाटतं.

यूट्यूबचं तरी एक आहे. १००० सदस्य आणि लोकांनी बघितल्याचे ४००० तास झाले की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा ते निर्मात्याला देतात. आमचा महिन्याचा आकडा सांगायला लाज वाटावी इतका लहान आहे, तरी पेट्रोल निघतं. नियम सगळ्यांना एक, ओळख लागत नाही. फेसबुकवर आमचा तोच व्हिडिओ कोणी उचलून टाकतो, लाखभर लोक बघतात, आणि आम्हाला रुपया येत नाही. वाटा देता येतो हे यूट्यूबने दाखवलं आहेच ना?

ऐरोलीकर

दिवा, यूट्यूबचा मुद्दा चोख आहे, आणि माझ्या आधीच्या लिहिण्यात ही फट होती हे कबूल करतो. यूट्यूबवर मजकूर पूर्णपणे त्यांच्याकडेच बघितला जातो, म्हणून ते वाटा देतात. फेसबुकवरच्या लिंकचं तसं नाही, ती बाहेर नेते. पण चौकट, रील, उचललेला व्हिडिओ यांतून कोणीच बाहेर जात नाही. जाहिरात तिथेच दिसते, पैसा तिथेच राहतो. तिथे वाटा मागणं मला योग्य वाटतं. लिंकला मात्र हात लावू नका.

आता माझ्याच बाजूला सुरुंग लावणारी गोष्ट सांगतो. मी 'गिऱ्हाईक आणून सोडतात' म्हणालो होतो. ऑगस्ट २०२४ पासून गूगलने भारतातही शोधाच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. ठाण्यात उद्या पाणी कधी येणार हे विचारलं की उत्तर वरच लिहून मिळतं. बातमीवर टिचकी मारायचं कारण उरत नाही. म्हणजे गिऱ्हाईकही नाही आणि पैसेही नाहीत. हे किती दिवस चालेल? जो पाण्याच्या शटडाऊनची बातमी मिळवतो तोच बंद पडला, तर सारांश कशाचा काढणार?

काळा कोट

त्याच मुद्द्यावर एक पुरवणी. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर दावा लावला, आमच्या बातम्या विनापरवाना वापरून तुमचं मॉडेल शिकवलं म्हणून. आणि डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटी (उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन) विभागाच्या समितीने प्रस्ताव मांडला की एआय कंपन्यांना मजकूर वापरायचा सरसकट परवाना द्यावा, बदल्यात त्यांनी स्वामित्वधन भरावं, ते एका मध्यवर्ती संस्थेने गोळा करून वाटावं. म्हणजे 'पैसे द्यावेत का' हा प्रश्न सरकारी कागदावर पुढे सरकला आहे. 'वाटायचे कसे' यावर खरं भांडण होणार.

बेलापूर किल्ला

मी निवृत्त शिक्षिका. तुम्हा सगळ्यांचं वाचते आहे. एका गोष्टीवर कोणी बोललं नाही.

मध्यवर्ती संस्था म्हणजे कोणाची? सरकारी जाहिरात बंद होईल या धाकाने पेपर गप्प बसलेले मी माझ्या आयुष्यात पाहिले आहेत. आता त्याच हातात आणखी एक चावी द्यायची का? आणि कंपन्यांनी थेट पैसे दिले, तर उद्या फेसबुकविरुद्ध बातमी छापायची हिंमत कोण करेल?

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. नवी मुंबईत मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. ठाण्यात मार्च २०२२ मध्ये तेच झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं महासभा नव्हती, विरोधी पक्षनेता नव्हता, प्रश्नोत्तरं नव्हती. आमच्या सेक्टरमधलं उद्यानाचं आरक्षण बदलतंय अशी कुजबुज होती. नगरसेवक असता तर त्याच्या दारात गेलो असतो. तेव्हा सिडको आणि महापालिका अशा दोन्हीकडे खेपा घालून कागद काढला तो एका स्थानिक साप्ताहिकाच्या मुलाने. बातमी छापून आली म्हणून आम्ही हरकती घेतल्या, १४६ सह्या जमवल्या. तो मुलगा आता विमा विकतो. त्याला पैसे मिळायला हवे होते, हे मला कळतं. कोणाच्या हातून, हे मला कळत नाही.

मासुंदा

बेलापूर, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला, म्हणून उशिरा लिहिते आहे.

कॅनडात मेटा निघून गेली, पण गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं मान्य केलं, महागाईनुसार वाढणारे. ते वाटण्याची पद्धत मला सगळ्यात जास्त पटते. वाटा किती क्लिक मिळाले यावर नाही, मालक किती मोठा यावरही नाही. तुमच्याकडे पूर्णवेळ काम करणारे पत्रकार किती, यावर. खासगी टीव्ही-रेडिओला ३० टक्क्यांची कमाल मर्यादा, सरकारी प्रसारणसंस्थेला ७ टक्क्यांची, उरलेले ६३ टक्के वृत्तपत्रं आणि डिजिटल बातमीदारांना. वाटप करणारी संस्था स्वतंत्र प्रकाशक आणि प्रसारकांच्या गटातून उभी राहिली, सरकारी खात्यातून नाही. ती निर्दोष असेल असं मी म्हणत नाही. पण पत्रकाराला मोजणारा हिशोब निदान कोणीतरी कागदावर आणला.

क्लिकवर पैसे दिले तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. मीही ती स्पर्धा केली आहे. आमच्या दैनिकात शेवटच्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी कुठल्या बातमीला किती वाचक, याचा तक्ता यायचा. नट-नट्यांच्या लग्नाला वीस हजार, प्रभाग समितीच्या बातमीला दोनशे. मला सांगितलं गेलं, दिवा-मुंब्रा कमी कर. मी कमी केलं. त्याचा मला आजही त्रास होतो. दिवा जंक्शन, तुम्ही जे लिहिलंत ना, माणूस मेल्यावर येतात, ते वाचून गप्प बसले होते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ऐरोलीकर म्हणतात तशी लिंक मोकळी राहू दे. जिथे मजकूर उचलून तिथेच वाचला जातो आणि तिथेच जाहिरात दिसते, तिथे वाटा द्या. तो वाटा मालकाच्या खात्यात मोघम न जाता नेमलेल्या वार्ताहरांच्या संख्येवर मिळू दे, आणि लहानांसाठी त्यातला ठरावीक भाग आधीच बाजूला काढा. दिव्यातले दोघं मित्र त्यात बसले पाहिजेत. कोणाला किती मिळाले ते दरवर्षी जाहीर करा, करार गुपित नको. ऑस्ट्रेलियातले करार गुपित होते, त्यामुळे कोणी किती घेतले आणि त्यातून किती वार्ताहर नेमले, हे तिथल्या वाचकांना धड कळलंच नाही.

आणि नेरुळदादा, तुमचंही बरोबर आहे. मी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर आज लिहिलं की पीडीएफ टाकू नका. दोन जण रागावले. एकांनी पेपर परत चालू केला.

नेरुळ लाईन

एक घर म्हणजे एक घर. ठाण्यातला असला तरी चालेल, ताई.

नौपाडा गल्ली

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. पण मासुंदाताई, पहिल्या पोस्टमधलं 'लक्षमी' वाचलं आणि राहवलं नाही.

ती आमची इमारत आहे. आई ७८ वर्षांची, एकटी राहते, मी खारघरला असते. गेल्या वर्षी जूनमध्ये तिला तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ती पिवळी चौकट आली. तारीख नसल्यामुळे तिला वाटलं यादी आजची आहे. वर 'धोकादायक' लिहिलेलं, बाकी काही नाही. तिने मला फोन केला नाही. घाबरवायचं नव्हतं म्हणाली. बाबांचा फोटो, पासबुक, औषधं आणि दोन साड्या पिशवीत भरून रात्रभर दारापाशी खुर्चीवर बसून राहिली. पाऊस होता. सकाळी दूधवाल्याने बघितलं आणि शेजाऱ्यांना उठवलं.

आमच्या इमारतीची दुरुस्ती त्याच्या आदल्या वर्षीच झाली होती. खांबांना जॅकेटिंग केलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, प्रत्येकाने सव्वादोन लाख भरले. मी त्या पेजला लिहिलं की ही जुनी यादी आहे, काढा. उत्तर आलं नाही. फेसबुककडे तक्रार केली, तर नियमांचं उल्लंघन दिसत नाही असा निरोप आला. मूळ बातमी कुठल्या पेपरची हे शोधायचा प्रयत्न केला. नावच नव्हतं, शोधणार कुठे?

त्या यादीत आमची इमारत नक्की कुठल्या वर्गात होती, हे तुमच्याकडे आहे का हो? आई अजूनही पाऊस लागला की पिशवी भरून ठेवते.

मासुंदा

वही आहे माझ्याकडे. आत्ता माळ्यावरून काढली.

नौपाडा-कोपरी प्रभाग समिती, पान तिसरं, अनुक्रमांक १९. सी-२ब. म्हणजे तेव्हाही रिकामी करायची गरज नव्हती, राहत्या ठिकाणी दुरुस्ती करायची होती, आणि ती तुम्ही केलीत. वहीत नाव बरोबर लिहिलेलं आहे, टाइप करताना माझ्याकडून चुकलं. बातमीत वर्ग प्रत्येक नावापुढे दिला होता. तुमच्या आईंपर्यंत तो पोचायला हवा होता.

त्या पानाचा फोटो तुम्हाला निरोपात पाठवला आहे, त्यावर तारीख आहे. दुरुस्तीनंतर संरचना अभियंत्याने दिलेलं स्थैर्य प्रमाणपत्र सोसायटीच्या सचिवांकडे असेल, त्याची प्रत घेऊन प्रभाग समितीत जा आणि या वर्षीच्या यादीत नाव आहे का ते विचारून घ्या. शक्यतो सकाळी साडेअकराच्या आत, नंतर अभियंते साइटवर जातात. म्हणाल त्या दिवशी मी बरोबर येईन. कोपरीहून मला दहा मिनिटं लागतात.

नौपाडा गल्ली

सोमवारी येता? आईला पण घेऊन येते. तिला तुमची वही बघायची आहे.